टोपी घालताना गेलेले नऊ सेकंद

दोन हजार तेवीस साल. मला एकोणसत्तर पुरी झाली होती आणि माझ्या हातात पुन्हा एकदा घड्याळ आलं होतं.

त्याआधी तीस वर्षं मी आखातात, गाला नावाच्या भागातल्या एका कंपनीच्या कामगार कॅम्पवर टाइमकीपर होतो. रत्नागिरीकडचा चौथी शिकलेला माणूस टाइमकीपर कसा झाला, असं विचारणारे पुष्कळ भेटले. आकडे मांडायला चौथी पुरते. गेटवर टेबल टाकून बसायचो. माणूस आत आला की त्याची वेळ चालू, बाहेर गेला की बंद. एकदा खुद्द अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, मेहुणा तीन मिनिटं उशिरा आला. मी तीन मिनिटं उशीर लिहिला. अर्बाबनं बोलावून घेतलं. म्हटलं, घड्याळ बघा. खलास, पुन्हा तो विषय निघाला नाही.

नोकरी संपल्यावर जवळच्याच अझैब्यात मुलाच्या घरी राहायला आलो. काम काही नाही. खिडकीतून रस्ता बघायचा, आत यायचं, पुन्हा खिडकी. कोण किती वाजता निघालं, किती वाजता आलं, हे मी बोलून दाखवायला लागलो तशी सून वैतागली. ती एका अमेरिकी पद्धतीच्या शाळेत शिकवते. म्हणाली, "अब्बा, आमच्या हजेऱ्या घेण्यापेक्षा शाळेत चला. तिथं घड्याळ चालवायला माणूस पाहिजे."

तिथं तो अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पण लांबट चेंडू हातात धरून पळायचं. मुख्य पंच शाळेतलाच खेळाचा मास्तर, वसईचा ख्रिस्ती, पंचेचाळिशीतला. माझं मराठी ऐकून खूश झाला. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर वायरीच्या टोकाला एक बटन, समोर मोठ्या दिव्यांचं घड्याळ.

"चाचा, चार डाव, बारा-बारा मिनिटांचे," तो म्हणाला. "पण घड्याळ सारखं थांबतं. आम्ही दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवरून फिरवले की थांबवायचं. चेंडू घेतलेला खेळाडू कडेच्या रेषेबाहेर गेला, थांबवा. फेकलेला चेंडू कुणी न झेलता जमिनीवर पडला, थांबवा. मग पुढची खेळी सुरू होते, म्हणजे मधला पोरगा चेंडू मागं देतो, तेव्हाच चालू करायचं."

"म्हणजे माणूस गेटबाहेर गेला की वेळ बंद, परत कामाला लागला की चालू," मी म्हटलं. "आणि चेंडू पडला म्हणजे माल पोचला नाही. ह्यात शिकवण्यासारखं काय आहे?"

तो हसला. "थांबा, खरी गंमत पुढे आहे. चेंडू पुढे नेत दहा यार्ड गाठले की पण घड्याळ थांबतं, पण तिथं खेळीची वाट बघायची नाही. मी हात जात्यासारखा फिरवला की लगेच चालू."

"चहाची सुट्टी. फोरमननं शिट्टी मारली की संपली."

"चाचा, तुम्ही माझ्या आधी पंच व्हायला पाहिजे होतात." मग तो जरा गंभीर झाला. "आणि चूक झाली तर लगेच हात वर करा. चुकीनंतर एक खेळी झाली तरी मला वेळ दुरुस्त करता येते. दुसरी सुरू झाली की खलास, चूक पक्की."

"माझी चूक व्हायचीच नाही," मी म्हटलं. "ते दुसऱ्या कुणाला शिकव."

दीड महिना खरंच झाली नाही. पण खरं सांगतो, त्या टेबलाशी मी एक क्षण निवांत बसलो नाही. कॅम्पवर सकाळी आणि संध्याकाळी घाई, मधे शांतता. इथं दर सहा सेकंदांना बंद, चालू, बंद. अंगठा घामेजलेला. घरी जेवतानासुद्धा बोट ताटाच्या कडेवर दाबलं जायचं. सून बघत राहायची.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुबईहून एक शाळा बसनं आली. सामना तीनला सुरू झाला, लांबला, सूर्य खाली गेला. शेवटचा डाव. पाहुणे चार गुणांनी मागे, म्हणजे त्यांना शेवटच्या रेषेपलीकडे एकदा जावंच लागणार होतं. स्वतःहून वेळ थांबवायची त्यांची मुभा संपलेली. घड्याळात अठ्ठावीस सेकंद असताना त्यांच्या एका उंच पोरानं चेंडू झेलला आणि कडेची रेषा ओलांडून बाहेर पडला.

त्याच क्षणी मागच्या मशिदीतून मगरीबची अजान सुरू झाली.

अजान कानावर आली की डोकं झाकायचं, ही लहानपणापासूनची सवय. आईनं लावलेली. हात आपोआप मागच्या खिशात गेला. बटन टेबलावर ठेवलं, टोपी काढली, घडी पडली होती ती दोन्ही हातांनी उलगडली, डोक्यावर नीट बसवली. मग वर बघतो तर पलीकडचा पंच डोक्यावर हात फिरवतोय, आणि घड्याळ चालतंय. मी बटन दाबलं. एकोणीस.

अठ्ठावीसचे एकोणीस. नऊ सेकंद मी टोपी घालण्यात घालवले.

कुणाला कळलं नव्हतं. सगळे त्या पोराकडे बघत होते. हात वर करायचा, एवढंच काम. हात वर गेला नाही. डोळ्यांसमोर तो अर्बाबचा मेहुणा उभा, आणि माझंच वाक्य, घड्याळ बघा. म्हटलं, पुढच्या खेळीनंतर सांगू, नियमात बसतं. खेळी झाली, चेंडू जमिनीवर पडला, मी वेळेवर थांबवलं. तेरा. आता सांग, आता. उठलोसुद्धा अर्धा. तेवढ्यात पोरांनी चेंडू मागं दिला आणि माझ्या अंगठ्यानं घड्याळ चालू केलं. चूक पक्की.

ह्या खेळीत त्या उंच पोरानं पुन्हा झेलला आणि शेवटच्या रेषेपासून तीन पावलांवर पाडला गेला. दहा यार्ड झाले, मी थांबवलं. चार सेकंद. वसईवाल्यानं हात जात्यासारखा फिरवला, मी त्याच क्षणी चालू केलं. अगदी बरोबर, नियमाप्रमाणे. पोरं धावत येऊन रांगेत उभी राहीपर्यंत शून्य झालं. नऊ सेकंद असते तर एक खेळी नक्की होती. तो पोरगा हेल्मेट न काढता गुडघ्यावर बसून राहिला.

वायर गुंडाळताना वसईवाला आला. "चाचा, काय घड्याळ चालवलंत आज! एक सेकंद इकडचा तिकडे नाही."

"ऐक," मी म्हटलं.

"बोला ना."

"काही नाही. वायर एका जागी तुटायला आलीय."

घरी सुनेनं विचारलं, "अब्बा, कोण जिंकलं?"

"आपली शाळा."

"मग तोंड का असं?"

मी जेवण अर्धं टाकून खाली उतरलो. इमारतीला फेऱ्या मारल्या. कितीदा म्हटलं, पोरांचा खेळ आहे, कुणाची रोजी गेली नाही. पण कॅम्पवर एखाद्याचं एक मिनिट जरी माझ्याकडून खाल्लं गेलं असतं, तर त्यानं काय करावं असं मी म्हटलं असतं? गेटवर येऊन भांडावं. ह्या पोरांना तर भांडायचंय हेच माहीत नव्हतं. आणि वर तोंड करून मीच सांगणार की अजान झाली म्हणून? अजानची त्यात काही चूक नव्हती. टोपी घालायला एक हात पुरतो. आणि त्यानंतर हात वर करायलाही एकच लागतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढून मी थेट शाळेवर चालत गेलो. पाहुणे रात्री शाळेच्या हॉलमध्ये राहिले होते. मी पोचलो तेव्हा बस गेटातून बाहेर वळत होती. हाक मारली, इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? मी बससमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवरून फिरवले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्याला तो इशारा कसा कळणार? आतल्या पोरांना कळला. ती काचा ठोकायला लागली, बस थांबली, दार उघडलं. मी वर चढलो. पुढच्या सीटवर त्यांचा कोच, मागे तो उंच पोरगा. माझं इंग्रजी कॅम्पवरचं, पण आकडे चांगले येतात.

"नाइन सेकंद," मी म्हटलं, आणि अंगठा दाखवला. "माय मिस्टेक. आय सी, आय नो टेल."