आक्काबाईचं स्टीलचं पिस्तूल

आक्काबाई पिस्तूल घ्यायला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत तीन वस्तू होत्या. आयुक्तालयातून मिळालेलं लायसन, आधार कार्ड आणि जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं बांगडीएवढं चुंबक. लायसन आणि कार्ड दुकानदाराला दाखवायला, चुंबक दुकानदाराची परीक्षा घ्यायला.

हसायचं काम नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई. तिनं आजवर स्टील घेतलं ते भांडी बाजारातूनच, आणि तिथं चुंबक लावल्याशिवाय चमचासुद्धा घेतलेला नव्हता. चिकटलं की माल हलका, नाही चिकटलं की माल अस्सल. हा नियम सासूनं शिकवलेला, आणि या नियमानं ती चाळीस वर्षांत एकदाही फसली नव्हती. आता पिस्तूल स्टीलचं घ्यायचं म्हटल्यावर नियम बदलायचं कारण काय?

पण फुलं विकणाऱ्या बाईला पिस्तूल कशाला, हे आधी सांगायला हवं.

मखमलाबादच्या अंगाला आक्काबाईचा दोन एकरांचा मळा. झेंडू, शेवंती, कडेनं मेथी-कोथिंबीर. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, लेक पिंपळगावला दिलेली. शेजारचे दोन एकर धाकट्या दिराचे, बहिरूचे. सातबारा दोघांचा एकच, सामायिक. आजूबाजूला बारा-बारा मजले चढले, तसे एका बिल्डरचे डोळे या जमिनीवर आले. त्याला तुकडा नको होता, सबंध चार एकर हवे होते. बहिरूनं लगेच मान डोलावली. अडलं ते आक्काबाईच्या सहीपाशी.

ती सही काही होईना. "मळा इकून मी करू काय? गॅलरीत कुंडी ठिवून तिला पाणी घालू?" असं तिनं तोंडावर विचारलं. तेव्हापासून मळ्याला ग्रहण लागलं. आधी मोटारीची केबल कापली गेली. मग मोटारच विहिरीत गेली. मग राखणीची कुत्री विष खाऊन मेली. आणि एक दिवस सकाळी अकराला, लख्ख उन्हात, दोघं मोटारसायकलवरून आले. आक्काबाई मेथी कापत होती. तिच्याच हातातला विळा हिसकून तिच्या गळ्याला लावला आणि एकजण म्हणाला, "म्हातारे, सही कर. पुढच्या टायमाला इचारणार नाय." जाताना विळाही घेऊन गेले.

घाबरली का? घाबरली. खोटं कशाला सांगा, घरात येऊन कडी लावली आणि तासभर लटलट कापत बसली. पण तासाभरानं कापरं गेलं आणि राग आला. तो काही केल्या जाईना. तिनं तक्रार केली, आणि तक्रारीची शाई वाळायच्या आत लायसनचा अर्ज टाकला.

अर्जापायी दोन वर्षं चपला झिजल्या. एका साहेबानं मायेनं विचारलं, "आजी, पिस्तूल कशाला? लेकीकडे जाऊन राहा की सुखानं."

"साहेब," आक्काबाई म्हणाली, "चोर आला की घरवाल्यानं गाव सोडायचं, हा कायदा कधी झाला?"

साहेबानं अर्जावर शेरा मारला. तिला ट्रेनिंगला पाठवलं. तिथं पदर खोचून, कानावर आवाज अडवणारी ती मोठी बोंडं चढवून तिनं दोन्ही तऱ्हेची पिस्तुलं चालवून पाहिली. हलकं होतं ते हातात वासरासारखं उधळलं, गोळी भलतीकडंच. जड होतं, सगळं अंग स्टीलचं, ते हातात बसलं. फुलांनी भरलेली क्रेटं उचलून कमावलेला हात तो, त्याला जडाचं काय भय! पाचातल्या चार गोळ्या कागदावर लागल्या. त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं, घ्यायचं तर हेच.

लायसन हातात पडल्याचं कळलं मात्र, बहिरू गूळ घेऊन दारात हजर. इतके दिवस "म्हातारपणी चळ लागला" म्हणून गावभर सांगणारा हाच. म्हणाला, "वैनी, आता घरात पिस्तूल येणार. दुकानात बाईमाणसानं एकटीनं जाऊ नये. मी आन् कुंदन येतो." कुंदन त्याचा पोरगा, चोवीस वर्षांचा, दिवसातून चारदा मोबाइलमध्ये भांग पाहणारा. आक्काबाईनं ओळखलं, गुळाला मुंगळे उगाच लागत नाहीत. पण म्हणाली, "चला की."

दुकानदार राकेशशेठ गोड माणूस. इतका गोड की गिऱ्हाईक आक्काबाई आहे हे त्याच्या लक्षातच येईना. लायसन तिचं पाहिलं आणि बोलायला लागला कुंदनशी.

"दादा, मावशींसाठी हे बघा. बत्तीस बोअर, एकदम लाइट. पर्समध्ये मावतं. लेडीज लोक हेच नेतात."

"मी पर्स वापरत नाय," आक्काबाई म्हणाली. "ते पलीकडचं काढा. ते जड."

"ते फुल स्टील आहे मावशी, किलोच्या आसपास जातं. हात दुखेल. हे पण स्टीलच आहे, फक्त वजनाला कमी."

"वैनी, हलकंच घे," बहिरूनं री ओढली. "तुझं वय काय, आन् हौस काय!"

राकेशशेठनं दोन्ही पिस्तुलं उघडून, रिकामी असल्याची खात्री करून काचेवर ठेवली. आक्काबाईनं पिशवीत हात घातला, चुंबक काढलं आणि त्या जड पिस्तुलाला लावलं. खट्कन चिकटलं.

"हात्तिच्या!" तिचा चेहराच उतरला. "माल हलका हाय हा!"

राकेशशेठ असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुंदन शरमेनं अर्धा झाला. "मोठी आई, आत ठेव ना ते. मानसं बघत्यात."

"मावशी," डोळे पुसत राकेशशेठ म्हणाला, "ते ताटवाट्यांचं स्टील, त्याला चिकटायला नको. हे हत्याराचं स्टील. याला चिकटलंच पाहिजे. चिकटलं म्हणजे अस्सल!"

"असं होय!" आक्काबाईनं मान डोलावली. चुकलं तर चुकलं, शिकायला लाज कसली? "इथं चिकटलं म्हंजे अस्सल. बरं. आन् हे हलकं पण स्टीलच म्हणालात ना मघाशी?"

"हो, हो. सगळं स्टीलच."

तिनं चुंबक हलक्या पिस्तुलाला लावलं. वरच्या भागाला चिकटलं. मग खाली, मुठीच्या धडाला लावलं आणि बोटं सोडली. चुंबक टप्पदिशी काचेवर पडलं.

कुंदन पंख्याकडं पाहायला लागला.

"वरचा पत्रा स्टीलचा, आन् खालचं धड?" आक्काबाईनं विचारलं.

"ॲल्युमिनियम अलॉयची फ्रेम आहे, मावशी. पण चालतं ते, भरपूर लोक वापरतात..."

"चालत असंल. मी त्याला नावं ठिवत नाय. पण स्टील म्हणून सांगितलं कशाला? बाई दिसली म्हणून?"

राकेशशेठ ओशाळला. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं आपली खुर्ची कुंदनकडून वळवून आक्काबाईसमोर आणली आणि तिथून पुढं तिच्याशीच बोलला. जड पिस्तूल तिच्या हातात दिलं. घोडा, मॅगझिन, सेफ्टी, सगळं एकेक करून तिच्याकडून करवून घेतलं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं बोट घोड्याच्या बाहेर ठेवून तिनं मूठ आवळली. मनगट हललं नाही.

"हेच," ती म्हणाली. "बांधा. आन् नाव घालून द्या."

"कसलं नाव?"

"माझं. स्टीलवर घालत्यात तसं, मशीननं."

आता राकेशशेठ हसला नाही. म्हणाला, "मावशी, यावर नंबर असतो. त्याशिवाय एक अक्षरसुद्धा कोरता येत नाही, गुन्हा होतो."

आक्काबाईला खरंच वाईट वाटलं. कुणाला वाटेल, नावाचं काय एवढं? पण तिच्या मांडणीवरची भांडी ज्यानं वाचली असतील त्याला कळेल. हंड्यावर सासऱ्यांचं नाव, परातीवर नवऱ्याचं, सहा ताटांवर 'बहिरूच्या लग्नाप्रीत्यर्थ'. चाळीस वर्षं घासून घासून तिनं ती नावं लख्ख ठेवली, आणि तिचं नाव साध्या वाटीवरसुद्धा नाही. सातबाऱ्यावर लागलं, तेही 'मयताची वारस' म्हणून.

हीच वेळ साधून बहिरू पुढं सरकला. "शेठ, लायसनवर दुसऱ्याचं नाव लागतं ना? सांभाळणारा म्हणून? कुंदनचं लावून टाका. वैनीचं काय, आज हाय, उद्या नाय. हत्यार बाप्याच्या हातात शोभतं."

"ते माझ्याकडे होत नाही," राकेशशेठ म्हणाला. "ऑफिसात अर्ज करावा लागतो. आणि त्यावर सही मावशींची लागते."

हे ऐकलं आणि आक्काबाईला हसू आवरेना. "परत माझीच सही! भाऊजी, माझी सही तुम्हाला लय गोड लागती बघा!" मग हसू थांबलं. "नाय देणार. मळ्याचीबी नाय आन् ह्याचीबी नाय. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं असंल तर दुसरं बीळ हुडका."

बहिरूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोराला घेऊन तो तरातरा निघून गेला. राकेशशेठनं पिस्तुलाचा नंबर लायसनवर चढवला. आक्काबाईनं त्याला तो मोठ्यानं वाचायला लावला, आधी वरचं तिचं नाव, मग खालचा नंबर. दोनदा वाचायला लावला.

पोलीस ठाण्यात पिस्तूल दाखवून, नोंद करून ती परत निघाली आणि वाटेत भांडी बाजारात थांबली. एक भाकरीचा डबा घेतला, चुंबक न चिकटणारा. नाव घालणाऱ्यानं विचारलं, "काय घालू?" तिनं सांगितलं. त्यानं मान वर करून एकदा तिच्याकडं पाहिलं, मग मशीन घर्रर्र चालू केलं.

पिस्तूल गेलं घरातल्या लोखंडी कपाटात, कुलपात. डबा मात्र रोज तिच्याबरोबर मळ्यात. आणि कुंदननं काय करावं? उचलली जीभ लावली टाळ्याला. गावभर सांगत सुटला, "मोठी आई डब्यात पिस्तूल घेऊन हिंडती." आक्काबाईच्या कानावर आलं. तिनं ना हो म्हटलं ना नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मळा झेंडूनं पिवळा झालेला असताना बांधाशी एक जीप येऊन थांबली. बहिरू उतरला, कुंदन उतरला, आणि सफारी घातलेला बिल्डरचा माणूस कागद घेऊन उतरला. उद्या मुहूर्त होता, भूमिपूजन ठरलं होतं, पत्रिकासुद्धा छापल्या होत्या. बाईची सही तेवढी राहिली होती! ड्रायव्हर आतच बसून होता. आक्काबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि ओळखलं. पण पाय मागं आला नाही.

"ए!" ती ओरडली. "तूच ना रे तो? माझा विळा नेलास तो आणून दे! तुझ्या गाडीचा नंबर घेतलाय मी. आजच ठाण्यात देते."

ड्रायव्हरनं मान खाली घातली. सफारीवाला दहा पावलांवर थबकला. त्याची नजर बांधावरच्या डब्यावर होती. "मावशी, रागावू नका. समजुतीनं घेऊ. फक्त एक सही..."

आक्काबाई बांधावर बसली आणि तिनं डबा ओढून मांडीवर घेतला. तिघंही मागं सरले. बहिरूचा तर पाय पाटात गेला. तिनं झाकण उघडून बाजूला ठेवलं, आत हात घातला आणि भाकरी काढली. वर ठेचा. घास मोडून निवांत खायला लागली.

कुंदनला अवसान आलं. "मोठी आई, मग... पिस्तूल?"

"कपाटात. ते विळा घेऊन येणाऱ्यासाठी हाय. कागद घेऊन येणाऱ्याला मी पुरे." तिनं सफारीवाल्याकडं पाहिलं. "ते झाकण घ्या हातात. वाचा. मोठ्यानं वाचा, माझ्या दिराला ऐकू जाऊ दे."

सफारीवाल्यानं झाकण उचललं. उन्हात अक्षरं लखलखत होती. तो घसा खाकरून वाचू लागला, "आक्काबाईकडून... आक्काबाईस." आणि थांबला. "म्हणजे काय, मावशी?"

"म्हंजे माझं मला," आक्काबाई म्हणाली. "झालं वाचून? मग ठिवा ते खाली आन् निघा. भूमिपूजन दुसरीकडं कुठं करायचं असंल तर झेंडू मात्र इथून न्या. उद्या दसरा हाय, आन् ह्या मळ्यातला झेंडू लय चांगला असतो."