उन्हासाठी थांबलेली घरघंटी

मंडळी, आज दुपारी पेडण्याला घरी आलो तर ओसरीवर पाच शेजारणी, प्रत्येकीकडे नाचणीचा डबा. छपरावर सोलर बसल्यापासून आई भर उन्हात सगळ्यांना घरघंटीवर फुकट दळून देते. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की ओरडणारी हीच ती आई!

इतक्यात मळभ आलं. आईने घरघंटी बंद केली.

“अगं, लाईनची वीज आहे ना!” मी म्हटलं.

“ती विकतची. जरा राव, ऊन येतला,” आईने थांबायला लावलं.

आम्ही सगळे माना वर करून ढगाकडे बघत राहिलो.

ढग सरला, घरघंटी घरघरली. मी मूठभर पीठ घेतलं. दळलेलं पीठ गरम असतंच, माहीत आहे. तरी अंगावर काटा आला.

तुम्ही कधी ऊन मुठीत धरलंय?