जेवणाचा प्रसंग

अकरावीत असताना आमच्या मुलींच्या शाळेत एक हिंदी नाटक बसत होतं. बारावी झालेली मुलगी घर सोडून दुसऱ्या शहरात शिकायला निघते, एवढीच त्याची गोष्ट. मी वर्गात सगळ्यात उंच, म्हणून मला तिच्या बापाचं काम मिळालं.

पहिले पंधरा दिवस मी स्टेजवर नुसती ठोंब्यासारखी उभी राहायची. नाटक बसवणाऱ्या मॅडम वैतागल्या. "पापा को देखती नहीं क्या घर में? कैसे बैठते हैं, कैसे खाते हैं? वहीं से उठाओ, बेटा."

माझे बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात होते. त्याच्या तीन वर्षं आधी पॉवर प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मग मालकानं त्यांना गेटवर बसवलं. गाड्यांचे नंबर ते डाव्या हातानं लिहायला शिकले, पण जेवायचे मात्र उजव्यानंच. अंगठा आणि उरलेल्या एका बोटात घास टिकायचा नाही, म्हणून मान पार ताटापर्यंत खाली न्यायचे. घरात आम्ही ते बघायचो नाही. म्हणजे दिसायचं, पण बघायचो नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत जेवणाचा प्रसंग आला आणि मी तीन बोटं तळहातात दुमडून मान खाली घातली. मुली खो खो हसल्या. मॅडमनी टाळी वाजवली. "बस, यही चाहिए था!"

हे कुठून उचललंय ते मी सांगितलं नाही. महिनाभर रोज तेच केलं, आणि रोज थोडं वाढवत गेले.

प्रयोगाच्या दिवशी बाबांना सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. घालायला त्यांचाच कारखान्याचा शर्ट मागितला. त्यांनी तो स्वतः इस्त्री करून दिला.

प्रयोग दुपारी होता. त्या प्रसंगात ताटासमोर बसताना सहज समोर पाहिलं, तर दुसऱ्या रांगेत बाबा. कुणाशी तरी ड्यूटी बदलून आले होते. मला बोटं सरळ ठेवता आली असती, तेवढा वेळ होता. पण घास उचलताना हात सवयीनं दुमडला, हॉल हसला, आणि ते हसणं मला आवडलं. मी मान आणखी खाली नेली. बाबांच्या शेजारच्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसता हसता त्यांची नजर बाबांच्या मांडीवरच्या हाताकडे गेली आणि त्या एकदम गप्प झाल्या. बाबांनी हात सावकाश खिशात घातला.

नंतर ते शाळेच्या गेटवर स्कूटर घेऊन थांबले होते. "बढिया केलंस गं," म्हणाले. "सगळे हसत होते."

वाटेत मला कचोरी घेऊन दिली. स्वतः घेतली नाही.

त्या संध्याकाळी आईनं पानं वाढली तेव्हा ते म्हणाले, "मला भूक नाही, मागाहून घेतो." दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात ते ताट घेऊन स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून जेवू लागले.

"तू काय केलंस तिथं?" आईनं मला विचारलं.

"काही नाही."

बाबांशी बोलायला मला चार महिने लागले. ते अंगणात स्कूटर पुसत होते.

"बाबा, ते नाटकातलं जेवणाचं... मी चुकले."

त्यांचं फडकं थांबलं नाही. "नाटकच होतं ना ते? मग झालं तर."

"मग आमच्यासोबत बसा ना जेवायला."

"मला आत बरं पडतं."

माझ्या लग्नात ते पंगतीला बसलेच नाहीत. डाव्या हातानं जिलबी वाढत फिरत राहिले. मुलीचा बाप कसा राबतोय म्हणून पाहुण्यांनी कौतुक केलं.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले, तेव्हा ते जेवत असताना मीही माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, ताटावर दुसरं ताट झाकलं आणि जावयाची, नातवाची चौकशी करत बसले. माझं संपेपर्यंत ते जेवणार नव्हते. मी भराभर चार घास गिळले आणि उठून बाहेर आले.