हाडांची पेटी

सकाळी मृणाल आपल्या पांढऱ्या एप्रनची घडी घालत होती. खिडकीबाहेर कॅरिबियन समुद्र रोजच्यासारखाच निळाशार होता. नागपूरहून आम्ही दोघी एकाच विमानाने या बेटावर डॉक्टर व्हायला आलो होतो. ती ॲनाटॉमीत दुसऱ्यांदा नापास झाली आणि कॉलेजने तिला घरी जायला सांगितलं.

परवा निकालाच्या यादीत मी आधी माझं नाव शोधलं, मग तिचं. तिचं नाव नाही हे कळलं आणि मला आतून चक्क हलकं वाटलं. कुणीतरी गळणारच होतं, ती मी नव्हते. इथे दर सेमिस्टरला वर्गातली काही बाकं रिकामी होतात आणि उरलेले आम्ही पुढे सरकून बसतो. माणसाचं शरीर शिकायला आलो, आणि आधी हे सरकणं शिकलो.

"मृणाल, तुझा हाडांचा सेट मला देशील?" मी विचारलं. तिचे डोळे अजून सुजलेले होते.

तिने पेटी माझ्या पलंगावर ठेवली.

"मणक्यांवर मी पेन्सिलने नावं लिहिलीयत," ती म्हणाली. "तुझा तिथेच गोंधळ होतो ना."

तिच्यासमोरच मी पेटी उघडली आणि मणके मोजून घेतले.