काळ्या लेपाखालचं सर्किट

गिटारचा आवाज जरा फाटका, खरखरीत करणारं ते पेडल बंद पडलं म्हणून शेजारची श्रावणी माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आली. माझ्या जुन्या मित्रानं, सुधीरनं, हातानं बनवलेलं. आतलं सर्किट कुणाला ओळखू येऊ नये म्हणून त्यानं त्यावर काळा लेप ओतला होता. तो खरवडता खरवडता माझा हात थांबला. कॉलेजात आम्ही दोघं असंच पेडल बनवत असताना मी चुकून भलताच रेझिस्टर लावला होता. तोच इथे, त्याच जागी. त्या चुकीतून निघालेल्या आवाजावर तेव्हा आम्ही दोघंही किती खूश झालो होतो!

"काका, कुणाचं सर्किट आहे हो हे?"

"सुधीरचंच," मी म्हणालो.

त्यानं मागितलं असतं, तर हसत दिलं असतं. पण लेप ओतताना त्याला माझीच भीती वाटली असेल का, हा विचार काही केल्या जात नाही.