पाखरांसाठी पिवळा भात

आठवडाभर हिंगोलीच्या कचेरीत खुर्चीला चिकटून बसायचं आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून पुसेगावजवळ दादाच्या शेतावर जायचं, हा माझा अनेक वर्षांचा नेम. "बाईमाणूस अन् पाखरं बघत हिंडते," म्हणून लोक हसतात. हसोत बापडे.

दादानं हरभऱ्यात पक्षीथांबे उभे केले, ते काही पाखरांच्या मायेनं नाही. कृषी खात्यानं प्रात्यक्षिकासाठी त्याचं रान निवडलं होतं. उभ्या काठीला आडवी काठी बांधली की झाला थांबा. पाखरानं वर बसावं, खालची घाटेअळी टिपावी, फवारणी टळावी. शिवाय हळद घातलेला भात सरीत टाकायचा, म्हणजे पाखरं रानाला सरावतात, असं सांगितलेलं. हे काम अर्थातच वहिनीच्या गळ्यात पडलं.

"घरच्यांचं करता करता जीव जाऊन राहिला, आता पाखरांचं बी रांधू?" ती करवादली.

पण थोड्याच दिवसांत तिचा सूर बदलला. मी बांधावर पोचायच्या आत ती बातम्या द्यायची. दुभंगल्या शेपटीचा कोतवाल सगळ्यात आधी येतो. साळुंक्या भातापेक्षा भांडतातच जास्त. एक चास त्या कोपऱ्यातल्या थांब्यावर ठाण मांडून बसतो, दुसऱ्याला टेकू देत नाही. मी दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली, तेव्हा चासाच्या पंखातला निळा बघून ती "अगं बाई!" म्हणाली आणि दुर्बीण परत द्यायचं नावच घेईना. आम्हा नणंद-भावजयीचं इतक्या वर्षांत कधी जमलं नव्हतं. ते त्या हरभऱ्यात जमलं.

मग ढगाळ हवा आली, अळी वाढली. शेजाऱ्यांनी फवारलं. औषधाच्या दुकानदारानं दादाला चांगलं घाबरवलं आणि शनिवारी संध्याकाळी दादानं पाठीवर पंप घेतला. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. वहिनी तेव्हा माहेरी गेलेली. रविवारी उजाडताच ती परतली, मी येणार म्हणून आधी भात शिजवला आणि नेहमीसारखा सरीत टाकून आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज कोणाला वाटणार?

मी पोचले तेव्हा कोतवाल थांब्याखाली पडला होता, चोच उघडी. दोन साळुंक्या सरीत लडखडत होत्या, उडू म्हणता उडता येईना. वहिनी रिकामं पातेलं धरून उभी.

"काहून फवारलं? अन् फवारलं तर मला सांगितलं काहून न्हाई?" तिनं दादाला विचारलं.

"घाटे पोखरून राहिली अळी. पाखरांच्या भरवशावर बसू काय?"

"मग बोलावलं कशाला त्यांना?"

दादा पंप धुवायला निघून गेला. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. तोट्याला भिऊन त्यानं फवारलं, हे कळतं मला. पण थांबे तरी उपटायचे होते! ते त्यानं ठेवले, कारण खात्याची पाहणी व्हायची होती.

पाहणीचे लोक पुढच्या रविवारी आले. आदल्या दिवशी दादानं पुन्हा फवारलं होतं, रान नजरेत भरावं म्हणून. थांब्यांजवळ उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. 'पक्षिमित्र शेतकरी' म्हणून दादाच्या गळ्यात हार पडला. तो खाली बघत राहिला, एवढं मात्र मी पाहिलं. मग एका साहेबांना हौस आली. "ताई, तो पिवळा भात टाकताना एक फोटो होऊ द्या."

वहिनी दादाकडे बघत राहिली. त्यानं मान डोलावली. ती घरात गेली, भात शिजवून घेऊन आली आणि पदर सावरून सरीत टाकला. फोटो छान आला म्हणे. चहा पिऊन गाड्या गेल्या.

तिला शोधत मी रानात गेले. ती हरभऱ्यात उकिडवी बसून मातीतला भात वेचून पातेल्यात टाकत होती. मीही शेजारी बसले. कोपऱ्यातला थांबा रिकामा होता. सवयीनं माझा हात दुर्बिणीकडे गेला.

"ते राहू द्या ताई," ती म्हणाली. "खाली बघा. एक शीत ऱ्हायला नको. एखादं पाखरू येईल."