दात काढणाऱ्याचा चिमटा

ते प्रकरण इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही.

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळातली गोष्ट. मी अकोटच्या ठाण्यावर फौजदार होतो. बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागे आणि तिथेच एका कडेला दात काढणारा एक पन्नाशीचा माणूस बसे.

एका सकाळी भाजी पिकवणारी एक माळीण ठाण्यात आली. तिच्या भावाचा दात याने काढला होता. तिसऱ्या दिवशी जबडा सुजला आणि आठवड्याच्या आत भाऊ गेला.

"सायेब, त्यानं माह्या भावाले इख देलं," ती म्हणाली.

चौकशीत त्याच्याकडून दात काढून घेतलेले आणखी दोघे सापडले, दोघांचेही जबडे सुजलेले. मी पंचांसमोर त्याची पेटी जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणलं. पेटीतलं, जखमेवर लावायचं लवंगेचं तेल त्याने आमच्यादेखत चाटून दाखवलं. विष नव्हतं, कुणाशी वैरही नव्हतं. "मी काईच नाई केलं," एवढंच तो दुपारपर्यंत सांगत राहिला. खोटं बोलणारा सहसा फार बोलतो; हा त्या एका वाक्यापुढे जात नव्हता.

मग मी चिमटा उजेडात धरला. सांध्यात काळं, वाळलेलं रक्त होतं. एका माणसाचं नसावं.

"हा कधी धुतलास?"

तो चिमट्याकडे बघत म्हणाला,

"बायको होती तवा थे धुये. एक दात निंगाला का चिमटा उकयत्या पान्यात टाके, मंगच दुसऱ्यासाठी माह्या हाती दे. मी चिडो. म्हनो, लोक खोयंबले, काहून येळ घालवतं? बैलपोयाले वारली थे. तवापासून ध्यानातच नाई आलं, सायेब."

सडक्या रक्ताने जखम बिघडत असावी, असं सरकारी डॉक्टरांना वाटलं. पण तसं लिहून द्यायला ते तयार झाले नाहीत. त्यांच्या उपचाराने ते दोघे वाचले. कलम काही लागेना. चिमटा उकळल्याशिवाय वापरणार नाही, असा मुचलका घेऊन मी त्याला सोडलं.

माळीण दारातच उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुही बायको असती तं माहा भाऊ असता."

"हो बाई," तो म्हणाला.

नोकरीभर मी माणसाच्या मनातला वाईट हेतू शोधत आलो. इथे तो नव्हताच. घरातलं माणूस गेलं की त्याच्या हातचं कामही थांबतं, आणि ते काम किती मोलाचं होतं हे फार उशिरा कळतं, हे मी तिथे शिकलो.

महिनाभराने बाजारात गेलो, तर त्याच्या मागे चूल पेटलेली होती. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"आता मीच उकयतो, सायेब. पन अजूनबी हात मांगं जाते, तिच्याकून चिमटा घ्याले."